चष्मा कोणी घालायचा? (मिक्स्ड रिॲलिटी आणि लांबून शिकणारे डॉक्टर)

दुधनाकाठ | रविवार, रात्री १०:४०

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी मेडिसिन शिकवतो. वर्षभरापासून आमच्या वॉर्डात एक डबडं फिरतंय, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. डबडं म्हणजे होलोलेन्स २, मायक्रोसॉफ्टचा मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा. अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं त्याच्याकडचा वापरलेला आणून दिला. नवा असताना त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. आमच्या खरेदी समितीनं तो घेतला असता असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माझ्याकडं चहाला यावं, फाइलींच्या गोष्टी सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटीचा) चष्मा घातला की खोली गायब होते. मिक्स्ड रिॲलिटीत खोली तशीच राहते, फक्त तिच्यात नसलेली वस्तू येऊन उभी राहते. पलंग दिसतो, सलाईनचा स्टँड दिसतो आणि पलंगाच्या वर हवेत एक यकृत तरंगत असतं. तुम्ही त्याच्याभोवती फिरू शकता, वाकून खालून बघू शकता.

परदेशात याचे दोन प्रयोग गाजले, दोन्ही २०२० सालचे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं आपल्या पहिल्या वर्षाच्या १८५ विद्यार्थ्यांना घरोघर होलोलेन्स दिले आणि कॉलेज बंद असताना ॲनाटॉमी शिकवली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या दवाखान्यांत कोविडच्या वॉर्डात एकच डॉक्टर चष्मा घालून आत जायचा, बाकीची टीम बाहेर बसून त्याच्या डोळ्यांनी पेशंट बघायची.

आम्ही लंडनचा कित्ता गिरवला. चष्मा माझ्या डोळ्यावर, मी राउंड घेतोय, आणि पोरं होस्टेलवर, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या पोस्टिंगवर मोबाईलमध्ये बघताहेत. चार आठवडे केलं आणि फसलं. तांत्रिक अडचणी होत्याच, पण मुख्य कारण दुसरं. मी पेशंटजवळ जातो तेव्हा कुठं बघायचं ते मला आधीच माहीत असतं. माझी नजर सरळ नखांवर, मानेच्या शिरेवर, पायाच्या सुजेवर जाते. पोरांना उत्तर आयतं दिसतं. बघायचं कसं हे शोधण्याची जी धडपड असते, तिलाच आम्ही सुट्टी देऊन टाकली. वर मी मान हलवली की त्यांना गरगरायचं, कारण मान माझी आणि चित्र त्यांचं.

मग एकदा नाइलाजानं उलटं झालं. पावसाळ्यात चष्मा एका ग्रामीण रुग्णालयात होता, आमची इंटर्न तिथं होती. पहाटे साडेचारला तिचा कॉल आला. जमिनीवर झोपलेला तिशीतला माणूस, रात्री पोटात दुखतंय म्हणून उठला, एकदा उलटी झाली. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. पोटाचा पेशंट म्हणून इंजेक्शन देऊन पाठवायची तयारी चालली होती. पण तिच्या मनात कुठंतरी खटकलं. तिनं चष्मा चढवला आणि मला कॉल लावला.

मी लॅपटॉपवर बघत होतो. कॅमेरा तिच्या कपाळावर असल्यामुळं ती जिथं बघेल तेवढंच मला दिसणार. आधी पोट, मग परत पोट. मी म्हणालो, चेहऱ्याकडं ये, त्याला मान न हलवता वर छताकडं बघायला सांग आणि तसंच धरून ठेव म्हणावं. पापण्या हळूहळू खाली आल्या. मी स्क्रीनवर बाण काढला, तो तिला हवेत दिसला. मग एका दमात आकडे मोजायला सांगितले. चौदावर थांबला. मान उचलायला लावली तर उचलेना. काचेच्या कोऱ्या नळीत दोन मिली रक्त घेऊन न हलवता वीस मिनिटं ठेवलं, तर गोठलं. म्हणजे विषानं रक्त गोठू न देणारे साप, घोणस, फुरसं, बहुधा नाहीत. पावसाळा, जमिनीवरची झोप, पोटदुखी, खूण नाही, पापण्या जड. मण्यार.

अँटीव्हेनम तिथं होतं, ते सुरू केलं आणि श्वासाची तयारी ठेवून पुढं पाठवलं. मी शंभर राउंड घेऊन जे शिकवलं नसतं ते ती त्या पाऊण तासात शिकली, असं माझं मत. त्या दिवसापासून मी चष्मा घालत नाही. चष्मा जो शिकतोय त्यानं घालायचा आणि लांब मास्तरनं बसायचं, उलटं नाही.

तुमच्याकडं कुणी काय केलंय? शिव्याही चालतील.

---

परभणीचा_पुण्यात | रविवार, रात्री ११:२५

सर, मी डॉक्टर नाही, पण याच धंद्यातला आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं वरून सारखी वाटतात, पण इंटरनेटच्या हिशेबानं त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केस वेस्टर्नच्या पद्धतीत शरीराचं मॉडेल प्रत्येकाच्या चष्म्यात आधीच उतरवून ठेवलेलं असतं. वर्ग चालू असताना वायरवरून जातं काय, तर मास्तर कुठं उभे आहेत, त्यांनी कुठला अवयव उचलला, कितीनं फिरवला, आणि आवाज. हा डेटा चिमूटभर. लंडनच्या पद्धतीत, म्हणजे तुमच्याही, सलग व्हिडिओ जातो. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला दीड-दोन एमबीपीएस लागतात आणि तेसुद्धा अपलोडला. आपल्याकडं लोक डाउनलोडचा वेग बघून खूश होतात. तालुक्याच्या दवाखान्यातून वर पाठवायची वेळ आली की खरी गोची होते.

म्हणजे लांबून ॲनाटॉमी शिकवायची तर इंटरनेट कमी आणि चष्मे जास्त, लांबून पेशंट दाखवायचा तर चष्मा एक आणि इंटरनेट भक्कम. आपल्याकडं दोन्ही नाही, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक. होलोलेन्ससारखा आरपार काचेचा चष्मा फक्त प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. त्यामुळं त्यात काळा रंग म्हणजे पारदर्शक. खिडकीतून ऊन आलं की तुमचं यकृत फिकं पडणार. क्वेस्ट ३, व्हिजन प्रो हे दुसरे चष्मे कॅमेऱ्यातून खोली दाखवतात, तिथं काळं काळंच दिसतं, पण पेशंटचा चेहराही तुम्ही कॅमेऱ्यातूनच बघता. रंगाचा भरवसा किती धरायचा? कावीळ बघायची असेल तर मी तरी धरणार नाही.

---

दुधनाकाठ | रविवार, रात्री ११:४१

कावीळ, फिकटपणा, ओठांचा निळेपणा, तिन्ही आम्ही लांबून सांगायचंच नाही असं ठरवलंय. जो पलंगाजवळ उभा आहे त्यानं खिडकीपाशी नेऊन स्वतःच्या डोळ्यानं बघायचं आणि तोंडानं सांगायचं. एकदा ट्यूबलाइटखाली अख्खा वॉर्ड पिवळा दिसत होता.

आणि उन्हाचं म्हणाल तर अजून एक गंमत. हे यंत्र १० ते २७ अंश तापमानात वापरावं असं कंपनीनं लिहून ठेवलंय. मे महिन्यात आमच्याकडं २७ अंश पहाटे मिळालं तरी नशीब. दुपारी ते स्वतःच तापून ॲप बंद करतं. आम्ही मडक्याशेजारी ठेवून बघितलं. हसू नका.

---

फॉर्मॅलिनचे_अश्रू | सोमवार, सकाळी ८:१०

मी सेकंड इयरला आहे, दुसऱ्या एका कॉलेजात. आमच्या कॉलेजात एका कंपनीचा डेमो झाला होता. सगळ्यांनी रांगेत उभं राहून प्रत्येकी तीन मिनिटं हार्ट बघितलं, फोटो काढले, पेपरात बातमी आली. नंतर तो डबा कुणी पाहिला नाही.

पण खरं सांगते, त्या तीन मिनिटांत मला इंग्वायनल कॅनॉल कळला. जांघेतली जेमतेम चार सेंटिमीटरची तिरकी वाट. पुढची भिंत, मागची भिंत, छत, तळ असं आम्ही घराचं वर्णन केल्यासारखं पाठ करतो आणि व्हायव्हाला ते घर कोसळतं. मी माझा नंबर आल्यावर हार्ट बंद करून तो उघडायला सांगितला, मागची मुलं ओरडली. मान तिरकी करून आत बघितलं आणि कळलं की आतली रिंग आणि बाहेरची रिंग समोरासमोर का नाहीत.

मात्र परत डीएचमध्ये (डिसेक्शन हॉलमध्ये) गेले तेव्हा उपयोग अर्धाच. चष्म्यात नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल, व्हेन निळी. आमच्या टेबलावर सगळं चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. शिवाय चष्म्यातलं शरीर एकच. टेबलावरच्या आजोबांच्या हाताची आर्टरी चुकीच्या ठिकाणी फाटली होती, मॅडम म्हणाल्या, चुकीच्या नाही, त्यांच्या ठिकाणी. हे मॉडेल कुठून शिकवणार?

---

कोचर | सोमवार, दुपारी २:०५

सर्जन आहे, जुन्या पिढीतला, त्यामुळं बोचरं वाटलं तर सोडून द्या.

मॉडेल एकच का, तर अशा शरीरांचा स्रोतच मुळात मोजका. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं १९९४ मध्ये एका पुरुषाच्या देहाचे एकेक मिलिमीटरचे काप काढून त्यांचे फोटो जगाला खुले केले, पुढच्या वर्षी एका स्त्रीचे, त्याहून बारीक. पडद्यावरच्या कितीतरी ॲनाटॉमीची मुळं तिथं आहेत. आपल्याकडं मुंबई ॲनाटॉमी ॲक्ट १९४९ सालचा, बेवारस देह त्या वाटेनं येतात, अलीकडं देहदानानं येतात. त्यांच्या पायाशी उभं राहून पोरं शपथ घेतात. चष्म्यासमोर कुणी शपथ घेईल का?

पण माझा खरा मुद्दा हाताचा आहे. स्प्लीन, म्हणजे प्लीहा, तपासायला शिकवताना मी पोरांचा हात धरून उजव्या बाजूला खालून सुरुवात करायला लावतो, कारण ती वाढते तीच त्या दिशेनं. श्वास घे म्हटल्यावर बोटाच्या कडेला काहीतरी येऊन टेकतं. ते टेकणं कुठल्या वायरवरून पाठवणार? तुमच्याच अभ्यासक्रमात, २०१९ पासूनच्या, प्रत्येक कौशल्यापुढं लिहिलेलं असतं: के, केएच, एसएच, पी. माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. चष्मा तुम्हाला केएचपर्यंत नेईल. पुढची एसटी स्वतःच पकडायची.

---

दुधनाकाठ | सोमवार, दुपारी ३:३०

कोचर सर, बोचरं काही नाही, शंभर टक्के मान्य. फक्त एक भर. मी चष्मा घालून राउंड घेतला तेव्हा पोरं के-केएचवरच राहिली. तिनं घातला तेव्हा एसएच झालं, कारण हात तिचेच होते, पेशंटच्या पोटावर. मी फक्त बघून म्हणालो, बोटं सपाट ठेव, टोचू नको. टेकलं की नाही ते तीच सांगणार.

---

तूरडाळ | सोमवार, सायंकाळी ६:५०

आमी काय डॉक्टर न्हाई, शेतकरी माणूस. पण धागा वाचून एक इचारावं वाटलं. त्यो पेशंट सरपणाच्या खोलीत झोपला व्हता का? आमच्या गावात दोन वर्साखाली असंच झालं, पोट दुखायलंय म्हून गडी रात्रभर ओवा खात बसला. सकाळी दवाखान्यात नेईस्तोवर बोलणं बंद. साप कुणी बघितलाच न्हाई. तुमच्या चष्म्याचं ऱ्हाऊ द्या, हे पोटदुखीचं आधी गावागावात सांगा ना.

---

दुधनाकाठ | सोमवार, सायंकाळी ७:१५

दादा, तुमचा प्रतिसाद धाग्यात वर लावायला पाहिजे. हो, सरपण होतंच शेजारी. मण्यारीचे दात बारीक, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात अचानक दुखलं, डोळे उघडे ठेवता येईनात, बोलणं जड झालं, तर ओवा नाही, गाडी काढायची. आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं, डास तर जातातच.

---

छतावरची_डिश | सोमवार, रात्री ९:२०

मी तांत्रिक विभागातून निवृत्त झालो. एज्युसॅट आठवतो का कुणाला? २० सप्टेंबर २००४ ला सुटला, केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह, केवढा गाजावाजा. गावोगावी डिश बसल्या. उपग्रह २०१० मध्ये संपला. एका इमारतीच्या छतावरची डिश मी निवृत्त होईपर्यंत तशीच होती, शेवटी शेवटी तिच्यात कबुतरं अंडी घालायची. यंत्र मेलं म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढं रोज कोण बसणार हे कुणी ठरवलं नव्हतं म्हणून.

तुमच्या होलोलेन्सचंही तेच. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. सॉफ्टवेअरची डागडुजी २०२७ अखेरपर्यंत. आज एखाद्या कॉलेजनं टेंडर काढून तसलंच काही घेतलं तर वर्क ऑर्डर निघेपर्यंत मालाचं तेरावं झालेलं असेल.

---

परभणीचा_पुण्यात | सोमवार, रात्री १०:०२

डिशकाका, तेरावं 😄

पण म्हणूनच यंत्रात पैसे घालण्यापेक्षा मजकुरात घालावेत. आपल्याच दवाखान्यातले सीटी स्कॅन, नावं-नंबर पुसून, थ्रीडी स्लायसरसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की मॉडेल निघतं. फॉर्मॅलिन ताईंना हवी असलेली चुकीच्या ठिकाणी फाटलेली आर्टरीसुद्धा. चष्मा बदलला तरी मॉडेल राहतं. क्वेस्ट ३ आला तेव्हा ५०० डॉलरला होता, म्हणजे होलोलेन्सच्या सातव्या हिश्शात.

---

वॉर्ड_नंबर_सात | मंगळवार, दुपारी १२:३०

स्टाफ नर्स आहे. सगळे डॉक्टर लोक चष्म्याच्या आतून बोलतायत, मी बाहेरून सांगते.

पहिल्या दिवशी एका आजीनं पदर डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढून घेतला. म्हणाली, बाई, ह्याच्यातून कापडाच्या आतलं दिसतंय व्हय? तिला वाटलं एक्स-रेचा चष्मा आहे. कुणी तिला विचारलं नव्हतं, फॉर्मवर अंगठा मात्र घेतला होता. तेव्हापासून मी नियम केला. चष्मा आधी पेशंटच्या नातेवाइकाच्या डोळ्यावर चढवायचा. त्याला बघू दे आत काय दिसतं ते. मग समोर लॅपटॉपवर कोण बसलंय त्याचा चेहरा पेशंटला दाखवायचा, नाव सांगायचं. आणि बायकांच्या वॉर्डात मुलीनंच घालायचा. रेकॉर्डिंग बंद. सरांनी दोनदा रेकॉर्डिंगचं विचारलं, मी नाही म्हटलं.

आजीनं स्वतः घालून बघितला नंतर. हवेतला मेंदू बघून म्हणाली, फुलकोबीच हाय की.

---

कोचर | मंगळवार, दुपारी १:१०

सिस्टर, या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद. बाकीच्यांनी आपापली वही काढा.

---

घाटीचा_जुना | मंगळवार, रात्री ८:४५

आम्ही औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात शिकलो तेव्हा एका पलंगाभोवती पंधरा जण. पुढचे तीन बघायचे, मागचे बारा पुढच्यांच्या ॲप्रनची शिवण बघायचे. तेव्हा ‘लांबून शिक्षण’ काही नवं नाही, आम्ही आठ फुटांवरून घेतलंय.

मूळ मुद्द्याला धरून एक. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. रायगडात महाडकडं विंचू चावलेल्या पेशंटांच्या उशाशी बसून त्यांनी जे टिपलं ते १९८२ मध्ये लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं विंचूदंशातले मृत्यू रोखता येतात हे त्यांनीच दाखवलं. म्हणजे माहिती खेड्यातल्या खाटेवरून लंडनला गेली. दुधनाकाठ म्हणतात ते मला यासाठी पटलं. आपण कायम धरून चालतो की बघण्यासारखं शहरात आहे आणि ते खेड्याला दाखवायचंय. साप, विंचू, कीटकनाशक प्यालेला माणूस, हे सगळं आधी ग्रामीण रुग्णालयात येतं. मोठ्या कॉलेजातल्या पोरांना ते व्हेंटिलेटरवर गेल्यावर भेटतं, पहिल्या तासाचं कुणी बघितलेलं नसतं. कॅमेरा तिकडं पाहिजे.

---

फॉर्मॅलिनचे_अश्रू | मंगळवार, रात्री ९:३०

त्या पेशंटचं पुढं काय झालं, सर? तुम्ही अर्धवट सोडलंत.

---

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

वाटेत श्वास मंदावला, ॲम्ब्युलन्समध्येच नळी टाकावी लागली. मण्यारीचं विष नर्व्हच्या टोकाला आतून इजा करतं, एकदा ती झाली की अँटीव्हेनम ती मागं फिरवत नाही. टोकं पुन्हा सावरेपर्यंत फक्त श्वास देत राहायचं. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता, अकराव्या दिवशी चालत घरी गेला. फॉलोअपला आला तेव्हा मी ओळख दाखवली तर ओळखलंच नाही. मला म्हणाला, ती डबडं घातलेली पोरगी कुठाय?

---

इंटर्नचं_पोस्टिंग | बुधवार, पहाटे ५:०५

सर, नाइटला आहे, आत्ता वाचलं. ती डबडंवाली मीच.

एक दुरुस्ती करू का? तुम्ही बाण काढलात तेव्हा पेशंटनं मान वळवली होती. बाण जागेवरच राहिला, म्हणजे पापणीवर नाही, त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर. तुम्ही ‘इथं बघ, इथं बघ’ म्हणत होतात आणि मला भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता दिसत होता. पापण्या मला आधीच दिसल्या होत्या, कॉल लावायच्या आधी. पोटदुखीच्या माणसाला झोप का येतीये एवढी, म्हणूनच मी लावला होता. पण तुम्ही सलग बोलत होतात.

---

दुधनाकाठ | बुधवार, सकाळी ७:२०

अगं, मग तेव्हाच थांबवायचं होतंस की मला.

---

इंटर्नचं_पोस्टिंग | बुधवार, सकाळी ७:२२

म्यूटचं बटण सापडत नव्हतं, सर. तुमचं.